विश्लेषण : जुन्या व्हिडिओ गेमला कोटींची बोली, पण कॅसेट टिकणार किती?

१९८६ च्या नाताळात अमेरिकेत कोणीतरी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक कॅसेट भेट देण्यासाठी विकत घेतली. भेट द्यायची राहिली आणि कॅसेट टेबलाच्या खणात पडून राहिली. पुढची ३५ वर्षे तिच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टनही कोणी फाडले नाही. एप्रिल २०२१ मध्ये हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीने ती विकली ६ लाख ६० हजार डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास पाच कोटी रुपयांना.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा काही दुर्मीळ खेळ नाही. त्याच्या जगभरात चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि आजही तो निन्टेंडोच्या नव्या यंत्रांवर थोडक्या पैशांत खेळता येतो. मग ही किंमत कशाची? आणि ज्या वस्तूला ही किंमत मिळते, ती वस्तू आणखी तीस-चाळीस वर्षे धड राहील का? जुन्या कॅसेट जपणाऱ्यांसाठी दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे.

कोट्यवधींची बोली कुठून सुरू झाली?

व्हिडिओ गेम जमवणारे लोक पूर्वीही होते. पण त्यांचा बहुतेक व्यवहार शेकड्यांत किंवा काही हजार डॉलरमध्ये व्हायचा. २०१८ साली ‘वाटा गेम्स’ ही कंपनी आली. तिचे काम म्हणजे सीलबंद खेळाची तपासणी करून त्याला दहापैकी गुण द्यायचे, वेष्टनाला वेगळी श्रेणी द्यायची आणि तो पारदर्शक कडक डबीत कायमचा बंद करायचा. नाणी आणि कॉमिक्सच्या बाजारात ही पद्धत जुनीच होती, ती इथे आली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मारिओची एक सीलबंद प्रत १ लाख १५० डॉलरला गेली. जुलै २०२० मध्ये दुसरी एक प्रत १ लाख १४ हजार डॉलरला विकली गेली. एप्रिल २०२१ मध्ये ती खणातली प्रत आली. जुलैमध्ये ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ ८ लाख ७० हजार डॉलरला गेला आणि दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ने १५ लाख ६० हजार डॉलर मिळवले. ऑगस्टमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची आणखी एक प्रत २० लाख डॉलरला विकली गेल्याची बातमी आली. अडीच वर्षांत वीसपट.

त्यातल्या ‘सुपर मारिओ ६४’च्या जवळपास १ कोटी २० लाख प्रती १९९६ पासून खपल्या होत्या. म्हणजे साडेअकरा कोटी रुपये मोजले गेले ते खेळासाठी नव्हे, तर १० पैकी ९.८ गुण मिळालेल्या सीलबंद प्रतीसाठी.

बाजार खरा की फुगवलेला?

अशा गुणांच्या किती प्रती आतापर्यंत तपासल्या गेल्या, याचा आकडा त्या काळात ग्राहकांपुढे नव्हता. नाण्यांच्या बाजारात असा आकडा जाहीर करतात, त्यामुळे आपल्याकडची वस्तू दहांपैकी एक आहे की दहा हजारांपैकी, हे तरी कळते. शिवाय २०१९ च्या त्या पहिल्या विक्रमी खरेदीत लिलाव कंपनीचाच एक संस्थापक भागीदार होता. हे लपवलेले नव्हते, पण बातम्यांच्या मथळ्यात ते कुठे आले नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये एका यूट्यूबरने या सगळ्या साखळीवर किमती फुगवल्याचा आरोप केला. दोन्ही कंपन्यांनी तो फेटाळला. मे २०२२ मध्ये वाटाविरुद्ध कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. त्याआधीच बाजार थंडावू लागला होता. सीलबंद खेळ ‘गुंतवणूक’ म्हणून घेणारे बरेच जण चढ्या भावात अडकले.

जे खेळण्यासाठी जमवतात, त्यांचा बाजार मात्र वेगळा आहे आणि तो फारसा मथळ्यात येत नाही.

दुर्मीळ म्हणजे नेमके काय?

जमवणारे साधारण तीन भाव सांगतात : सुटी कॅसेट, डबा आणि पुस्तिकेसह कॅसेट, आणि सीलबंद. या तिघांत प्रचंड अंतर असते. निन्टेंडोचे अमेरिकेतले डबे पुठ्ठ्याचे होते. मुलांनी ते पहिल्याच दिवशी फाडून फेकले. त्यामुळे कित्येकदा रिकाम्या डब्याला आतल्या कॅसेटइतकाच भाव येतो.

खरी दुर्मिळता बहुतेकदा अपयशातून आलेली असते. बँडाईने १९८७ साली अमेरिकेत ‘स्टेडियम इव्हेंट्स’ नावाचा खेळ आणला. पायाखाली चटई अंथरून तिच्यावर धावायचे, असा तो प्रकार. निन्टेंडोने त्या चटईचे हक्क घेतले, जुन्या प्रती बाजारातून काढून घेतल्या आणि तोच खेळ नव्या नावाने आणला. आधीच्या ज्या मोजक्या प्रती विकल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठी आज जमवणारे झुरतात. खेळ म्हणून त्यात फारसे काही नाही. १९९० च्या निन्टेंडो स्पर्धेसाठी बनवलेल्या करड्या रंगाच्या कॅसेट ९० होत्या आणि मासिकातल्या स्पर्धेत वाटलेल्या सोनेरी २६. त्यांची संख्या वाढण्याची शक्यताच नाही, म्हणून त्यांचा भाव बाजाराच्या लहरींवर तुलनेने कमी हलतो.

गंमत म्हणजे कचऱ्यालाही भाव आला. अटारी कंपनीने १९८३ साली न विकलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या होत्या. त्यात १९८२ चा ‘ई.टी.’ हा कुप्रसिद्ध फसलेला खेळ होता. एप्रिल २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या. चेंबलेल्या, वास मारणाऱ्या अशा ८८१ कॅसेट विकून सुमारे १ लाख ८ हजार डॉलर उभे राहिले आणि एक प्रत थेट स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. ‘ई.टी.’ची स्वच्छ, चालू प्रत आजही किरकोळ किमतीत मिळते. लोकांनी पैसे दिले ते त्या खड्ड्याच्या गोष्टीला.

कॅसेटच्या पोटात काय असते?

कॅसेट उघडली की आत एक हिरवा बोर्ड आणि दोन-चार चिप दिसतात. मूळ खेळ असतो ‘मास्क रॉम’ या चिपमध्ये. पेनड्राइव्हमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू ओसरतो. मास्क रॉमचे तसे नाही. चिप कारखान्यात बनतानाच शून्य आणि एकचा नमुना तिच्या थरांत कायमचा उमटवला जातो. तिथे ओसरण्यासारखे काही नसते. म्हणूनच १९८५ ची कॅसेट आज पहिल्या फटक्यात सुरू होते आणि १५ वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क होत नाही.

मग टिकत नाही ते काय? बॅटरी.

‘झेल्डा’सारखा खेळ एका बैठकीत संपत नाही. कुठवर पोहोचलो ते साठवून ठेवावे लागते. त्यासाठी या कॅसेटमध्ये आणखी एक छोटी मेमरी चिप असते, पण तिला सतत वीज लागते. ती पुरवते बोर्डाला डाग दिलेली घड्याळाच्या सेलसारखी लिथियमची गोल बॅटरी. ती संपली की साठवलेला सगळा खेळ पुसला जातो. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तर दिवस-रात्र दाखवण्यासाठी आत घड्याळही होते. त्याने बॅटरी आणखी लवकर खाल्ली. लहानपणी महिनोन्‌महिने गोळा केलेले पोकेमॉन मोठेपणी कॅसेट घालून पाहावेत, तर नाव घालायचा पहिला पडदा समोर येतो.

बॅटरी बदलता येते. निन्टेंडोचा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाही, त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. मग जुनी बॅटरी सोल्डर काढून उतरवायची आणि नवी डागायची. पण ज्या क्षणी जुनी निघते त्या क्षणी आतली साठवण जाते. ती हवी असेल तर आधी विशेष यंत्राने तिची नक्कल काढून ठेवावी लागते.

आता ८ लाख ७० हजार डॉलरच्या त्या सीलबंद ‘झेल्डा’कडे पाहू. त्याच्या आतही अशीच बॅटरी आहे. कारखान्यातून निघाल्यापासून ती आतल्या चिपला वीज पुरवते आहे, कोणी खेळो वा न खेळो. ती आज जिवंत आहे की संपली, संपून गळू लागली आहे का, हे मालकाला पाहता येत नाही. पाहायला डबी फोडली की किंमतच संपली. जगातल्या सगळ्यात महागड्या कॅसेटपैकी काही आज चालतील की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही आणि त्यांच्या मालकांना त्याची फिकीरही नाही.

फुंकर मारल्याने खरेच चालायची?

हा प्रश्न मराठी घरांतही पिढीजात आहे. उत्तर : फुंकरीने नाही, काढून पुन्हा घातल्याने. निन्टेंडोच्या अमेरिकी यंत्रात कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबावी लागे. तिथल्या ७२ पिनांची पकड काळाने सैल होई. कॅसेट पुन्हा घातली की पिना दुसऱ्या जागी टेकत आणि खेळ सुरू होई. श्रेय मिळे फुंकरीला. उलट तोंडाची वाफ पिनांवर बसून त्या गंजतात, म्हणून फुंकू नका, असे खुद्द निन्टेंडो सांगत आली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हा खरा उपाय.

‘मुस्तफा’चा बोर्ड का मरतो?

नव्वदच्या दशकात ज्यांनी पार्लरमध्ये टोकन विकत घेतली, त्यांना ‘मुस्तफा’ सांगावा लागत नाही. पिवळी टोपी, उडी मारून लाथ, डायनासोर आणि कॅडिलॅक गाडी. कॅपकॉमच्या या १९९३ च्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. आपल्याकडे त्यातल्या एका पात्राचे नावच खेळाला पडले.

नक्कल रोखण्यासाठी कॅपकॉमने त्या काळच्या बोर्डांत एक युक्ती केली होती. आतला कोड कुलूपबंद ठेवायचा आणि त्याची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत ठेवायची. बोर्डाशी कोणी छेडछाड केली, तर किल्ली पुसली जाई. पण बॅटरी वयाने संपली तरीही किल्ली पुसली जाई. अस्सल, परवाना घेऊन आणलेला, जिवापाड जपलेला बोर्ड एके दिवशी आपोआप निकामी. जमवणाऱ्यांनी तिला नाव दिले ‘आत्मघातकी बॅटरी’. उलट चोरून बनवलेल्या अनेक बोर्डांत ही भानगडच नव्हती, कारण नक्कल करणाऱ्यांनी कुलूप आधीच तोडलेले असे. ते बोर्ड चालत राहिले. पुढे चाहत्यांनीच वर्षानुवर्षे डोके लावून मेलेले अस्सल बोर्ड उठवण्याच्या पद्धती शोधल्या.

आणि हा खेळ आज विकत मिळतो का? नाही. तो एका कॉमिकच्या हक्कांवर बेतलेला होता. कॅपकॉमने आपले असे जुने मारधाडीचे खेळ २०१८ साली एकत्र आणले, त्यात ‘मुस्तफा’ नव्हता.

डिस्क, टीव्ही आणि पिवळे प्लास्टिक

कॅसेटनंतर डिस्क आल्या आणि त्या जास्त टिकतील, असे सगळ्यांना वाटले. सीडीत डेटा वाचला जातो तो ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरावरून. हा थर चमकत्या बाजूला नसून चित्राच्या बाजूला, वार्निशच्या पापुद्र्याखाली असतो. त्यामुळे सीडीच्या खालच्या बाजूचा ओरखडा घासून काढता येतो, वरच्या बाजूचा नाही. त्या पापुद्र्यातून हवा आणि ओल शिरली की ॲल्युमिनियमवर डाग पडतात, डिस्क उजेडात धरली की सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने ती थोडी सुरक्षित. घरी बर्न केलेल्या डिस्कचे मात्र कठीण आहे. त्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि उन्हाने, उष्णतेने तो विटतो. आपल्याकडे प्लेस्टेशन २ चा सुवर्णकाळ अशाच डिस्कवर उभा होता.

यंत्रांचेही तसेच. सेगाच्या ‘गेम गिअर’मधले कपॅसिटर गळून बोर्ड खातात, हे इतके सार्वत्रिक आहे की ते न बदललेले चालू यंत्र सापडणे कठीण. पांढरट प्लास्टिक पिवळे पडते ते त्यात आगीपासून बचावासाठी मिसळलेल्या ब्रोमिनच्या संयुगांमुळे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की रंग परततो, पण कायमचा नव्हे.

आणि ज्यांनी बंदुकीने बदके मारली आहेत, त्यांनी हेही लक्षात घ्यावे : ती बंदूक आजच्या टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतला सेन्सर तो उजेड नेमक्या क्षणी शोधी. काचेच्या नळीचा जुना टीव्ही हे चित्र तत्काळ उमटवत असे, नवा एलसीडी थोडा वेळ घेतो. कॅसेट शाबूत, यंत्र शाबूत, बंदूक शाबूत, तरी बदक मरत नाही.

मग खेळ वाचवणार कोण?

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने जुलै २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. १९८५ पूर्वीच्या खेळांत तर उपलब्ध असलेले तीन टक्केही नाहीत. सेगा सॅटर्नवरचा १९९८ चा ‘पँझर ड्रॅगून सागा’ पुन्हा कधीच निघाला नाही. तो खेळायचा तर मूळ चार डिस्क महागात विकत घ्या, किंवा बेकायदा प्रत शोधा.

डिजिटल दुकानांनी हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी वी यू आणि ३डीएस या दोन यंत्रांची दुकाने बंद केली आणि फक्त तिथेच मिळणारे खेळ विक्रीतून गेले. ग्रंथालयांनी जुने खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. पुस्तकाची दुर्मीळ प्रत स्कॅन करून अभ्यासकाला पाठवता येते, खेळासाठी मात्र त्याने विमानाचे तिकीट काढायचे.

भारतातल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप काढता येतो. इंटरनेटवरून दुसऱ्याने काढलेली प्रत उतरवून घेणे हे त्यात बसत नाही.

माळ्यावरच्या कॅसेटला काय भाव?

खरे सांगायचे तर बहुतेक वेळा काहीच नाही. समुराई, मीडिया, लिटल मास्टर या नावांनी नव्वदच्या दशकात आपल्या घरांत खेळ आले. आपल्याकडची बहुतांश यंत्रे आणि ‘५२ इन १’, ‘९९९९ इन १’ कॅसेट या निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. आत चिपऐवजी काळ्या इपॉक्सीचा थेंब दिसतो, त्याखाली उघडी सिलिकॉनची चकती असते. तो थेंब बिघडला तर दुरुस्ती नाही. अशा यंत्रांचे शौकीन जगात आहेत, पण त्यांना डब्यासकट, चालू, स्थानिक छपाईचे यंत्र हवे असते. आईने डबा ठेवला असेल तर तोच मौल्यवान.

घरात कॅसेट असतील तर माळ्यावरून आधी खाली काढा. कोकण-मुंबईचा पावसाळा पुठ्ठ्याला बुरशी आणि पिनांना गंज आणतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरेशा आहेत. यंत्रात आणि रिमोटमध्ये विसरलेले सेल काढा. जुना अडॅप्टर तपासल्याशिवाय लावू नका. विकायचे असेल तर साफ करण्याआधी फोटो काढा, स्टिकर काढण्याच्या फंदात पडू नका.

एक अपवाद मात्र शोधून पाहण्यासारखा आहे. २००९ पासून प्लेस्टेशन २ साठी भारतात बनलेले काही मोजके खेळ आले : ‘हनुमान : बॉय वॉरियर’, ‘देसी अड्डा’, मुंबईच्या ट्राइन गेम्सचे ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणि ‘रा.वन’. जगात तोवर प्लेस्टेशन ३ रुळले होते, म्हणून यांच्याकडे बाहेर कोणी पाहिले नाही आणि आपल्याकडे लोक बर्न केलेल्या डिस्कवर खेळत होते. त्या यंत्राचा संपूर्ण संच जमवणाऱ्या परदेशी लोकांना आता नेमके हेच सापडत नाहीत.  मूळ डिस्क, छापील कव्हर आणि आतली पुस्तिका हेच जपण्यासारखे आहे. ते एखाद्याच्या कपाटात जुन्या सीडींच्या ढिगात, शाळेच्या प्रोजेक्टच्या सीडीखाली पडलेले असू शकते.